कुमिहिमोची फोम डिस्क: कुठली घ्यावी, कशासाठी घ्यावी आणि तिच्यावरचा गोफ बिघडतो का

निकाल आधीच सांगून टाकतो. गोल गोफ विणायचा असेल, म्हणजे ठुशीच्या मागची दोरी, बटव्याची नाडी, पदकाचा गोफ किंवा हातातलं कडं, तर ३२ खाचांची, सहा इंची, कडक फोमची डिस्क घ्यावी, म्हणजे मध्ये भोक आणि कडेला दोरे अडकवायच्या खाचा असलेली तबकडी. तिच्यासोबत 'फुल सेट' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बहुतेक घेऊ नये. चौकोनी पाटी तर नाहीच. आणि डिस्क निवडताना जेवढं डोकं लावाल त्याच्या दुप्पट दोऱ्यावर लावा, कारण चांगल्या डिस्कवर वाईट दोरा बिघडतोच, पण बऱ्यापैकी डिस्कवर चांगला दोरा निभावून जातो.

कुमिहिमो हे जपानी गोफकाम. तिकडे ते मारुदाई नावाच्या लाकडी घडवंचीवर करतात: वर गुळगुळीत गोल फळी, मध्ये भोक, आणि प्रत्येक पेडीच्या टोकाला शिसं भरलेली लाकडी रिळं लोंबकळत ठेवलेली. तलवारीच्या म्यानाच्या दोऱ्या, चिलखताची बांधणी, पुढे किमोनोच्या पट्ट्यावरून बांधायची ओबीजिमे, हे सगळं या कामातलं. १८७६ साली उघड्यावर तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि दोऱ्या विणणाऱ्यांचं बरंच काम ओबीजिमेकडे वळलं. मिए प्रांतातलं इगा आणि क्योतो ही आजही या कामाची नावाजलेली ठिकाणं. हा इतिहास इथे सांगण्याचं कारण एकच. फोमची डिस्क ही मारुदाईची स्वस्त, खिशात मावणारी सोय आहे, तिची बरोबरी नाही. मारुदाईवर ओढ रिळांच्या वजनाने येते आणि ती प्रत्येक पेडीला सारखी असते. डिस्कवर ओढ येते ती खाचेने दोरा घट्ट धरल्यामुळे. म्हणजे सारा कारभार फोमच्या पकडीवर आणि तुमच्या हाताच्या सवयीवर. डिस्कचे सगळे गुणदोष इथूनच निघतात.

डिस्क हातात आल्यावर काय पाहावं

बाजारात दोन मापं जास्त दिसतात, सुमारे सहा इंच व्यासाची आणि सव्वाचार इंचाची. छोटी प्रवासात बरी, पण हाताला लहान पडते आणि खाचा जवळजवळ असल्याने चुकीची पेड उचलली जाते. शिकताना मोठीच घ्यावी. जाडी साधारण एक सेंटिमीटर हवी. त्याहून पातळ, चपलेच्या तळव्यासारख्या मऊ फोमच्या डिस्क स्वस्तात मिळतात, पण त्या घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

तपासायची रीत सोपी आहे. डिस्कच्या समोरासमोरच्या कडा दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा. चांगली डिस्क जेमतेम झुकते आणि लगेच सरळ होते. मऊ डिस्क पुरणपोळीसारखी दुमडते. अशी डिस्क आठ पेडी ताणल्यावर बशीसारखी खोलगट होते, मध्यावरची ओढ ढिली पडते आणि गोफ सुरुवातीला घट्ट, पुढे सैल, मग परत घट्ट असा विणला जातो. दोष हाताचा वाटतो, असतो फोमचा.

दुसरी तपासणी खाचांची. एक मिलिमीटरची दोरी खाचेत बसवा आणि तिच्या टोकाला दोरा भरलेलं बॉबिन सोडा. दोरी सरकता कामा नये. चार-पाच वेगवेगळ्या खाचांत हे करून पाहा, कारण कापणी सगळीकडे सारखी नसते. खाचेच्या आत फोमचा भुसा किंवा धागोरे लोंबत असतील तर रेशमी दोऱ्याचे तंतू त्यात अडकून बाहेर येतात. अशा खाचेतून जुन्या सुती दोरीचा तुकडा आठ-दहा वेळा मागे-पुढे ओढला की ती साफ होते.

छापलेल्या आकड्यांकडे फार लक्ष देऊ नका. ते एक ते बत्तीस असतात, काही महिन्यांत पुसट होतात आणि या गोफाला फक्त सुरुवातीला उपयोगी पडतात. चार दिशांचे चार ठिपके मात्र दोन खाचांच्या बरोबर मधोमध हवेत. छपाई सरकलेली असेल तर पेनने स्वतः ठिपके काढून घ्या, दोन ठिपक्यांच्या मध्ये आठ खाचा येतील असे.

६४ खाचांची डिस्कही मिळते. बारीक दोऱ्याच्या कामाला ती बरी, पण दोन खाचांमधली भिंत पातळ असल्याने दोन मिलिमीटरची दोरी घातली की ती फाटते. पहिली डिस्क म्हणून नको.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत: जाड दोरीने खाचा रुंदावतात आणि त्या परत मिटत नाहीत. एकदा दोन मिलिमीटरच्या सॅटिन दोरीचे पाच-सात गोफ काढले की त्याच डिस्कवर बारीक सुती दोरा टिकत नाही, निसटतो. म्हणून जाड आणि बारीक कामाला दोन वेगळ्या डिस्क ठेवाव्यात. काम अर्धवट ठेवून महिनाभर विसरलात तरी हेच होतं, ज्या खाचांत दोरी अडकवून ठेवली त्या खाचा सैल पडतात. बंद गाडीत उन्हात राहिलेली डिस्क वाकडी होते आणि ती वाकडीच राहते.

सेटमधल्या बाकीच्या वस्तू

बॉबिन: प्लॅस्टिकची, झाकण उलटून मिटणारी, सहसा आठ. ही घ्यावीत. ५०-६० सेंटिमीटरपर्यंतच्या पेडींना गरज नाही, त्याहून लांब पेडी मात्र बॉबिनशिवाय एकमेकींत अशा गुंततात की अर्धा वेळ सोडवण्यात जातो. दोरा गुंडाळून आठ-दहा सेंटिमीटर मोकळा ठेवायचा आणि झाकण मिटायचं. झाकणाची कड तीक्ष्ण असेल तर सॅटिनवर ओरखडे येतात, तिथे नखं घासायची कानस फिरवून घ्या. बॉबिन नसतील तर पुठ्ठ्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे, कडेला एक चीर दिलेले, तेच काम करतात.

चौकोनी पाटी: सपाट गोफासाठी म्हणून देतात. कोपरे वाकतात, कडेच्या पेडींना सारखी ओढ देता येत नाही आणि पट्टीच्या दोन कडा दोन प्रकारच्या दिसतात. सपाट पट्टीच हवी असेल तर ती मॅक्रमेच्या, म्हणजे दोरीच्या गाठीकामाच्या, चौकोनी गाठींनी जास्त सुबक होते, आणि त्याला पाटी लागत नाही. ती गाठ पुढे येतेच आहे. आणि ओबीजिमेसारखे नक्षीदार सपाट गोफ या पाटीवर होतील अशा आशेवर कुणी असेल तर ती सोडा. त्यांतले बरेचसे ताकादाई नावाच्या मोठ्या मागावर होतात.

वजन: सेटमध्ये असतं किंवा नसतं. विकत घेऊ नका. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. सात-आठ नाणी छोट्या कापडी पुरचुंडीत बांधली की साठ ग्रॅम झाले, आणि आठ पेडींच्या गोफाला तेवढे पुरतात. बारीक सुती दोऱ्याला चार-पाच नाणी बस. वजन वाढवलं की गोफ लांब, बारीक आणि जरा मोकळा होतो. कमी केलं की आखूड, जाड, टणक. एकाच दागिन्याच्या दोन बाजू विणताना नाणी मोजून तितकीच ठेवा, नाहीतर डावी दोरी एक आणि उजवी दुसरीच दिसते.

टोप्या आणि गोंद: गोफाच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या सेटमध्ये एकाच मापाच्या येतात आणि त्या मापाचा गोफ तुमचा असेलच असं नाही. आठ पेडी दोन मिलिमीटरच्या सॅटिनच्या असतील तर गोफ सुमारे सहा-सात मिलिमीटर जाड होतो, एक मिलिमीटरच्या असतील तर साधारण तीन. आधी गोफ करा, मग जाडी मोजून टोपी आणा. झटपट चिकटणारा पातळ गोंद वापरू नका. तो दोऱ्यात झिरपत वर चढतो, टोपीच्या बाहेरचा सेंटिमीटरभर गोफ काडीसारखा ताठ होतो आणि त्यावर पांढुरकी छटा येते. दोन नळ्यांतला, मिसळून लावायचा इपॉक्सी उशिरा सुकतो पण जागच्या जागी राहतो.

सेटमधल्या दोऱ्या: रंग बरेच, लांबी अपुरी. एखादा मीटर दोरीत पाळण्यातल्या बाळाचं मनगटही भागत नाही. दोरी वेगळीच घ्यायची.

दोरी किती लागते

ढोबळ हिशेब: तयार गोफाच्या तिप्पट लांबीची प्रत्येक पेड, शिवाय हातात धरायला दहा सेंटिमीटर. हा हिशेब थोडा सढळ आहे, पण मध्येच संपलेल्या पेडीला जोड दिला तर तो दिसतोच, म्हणून सढळच बरा.

ठुशीच्या मागच्या दोरीचं उदाहरण घेऊ. प्रत्येक बाजूला २० सेंटिमीटर गोफ हवा. एक पेड ६० अधिक १० म्हणजे ७० सेंटिमीटर. आठ सुट्या पेडींऐवजी १४० सेंटिमीटरचे चार तुकडे घेऊन ते एका छोट्या कडीतून ओवून मधोमध दुमडायचे, म्हणजे आठ टोकं मिळतात आणि सुरुवातीला गाठ मारावी लागत नाही. एका बाजूला ५ मीटर ६० सेंटिमीटर, दोन बाजूंना ११ मीटर २०. दहा मीटरचं रीळ कमी पडतं. दुसरं रीळ त्याच वेळी, त्याच गठ्ठ्यातलं घ्या. मागाहून आणलेल्या मरूनमध्ये आणि आधीच्या मरूनमध्ये फरक असतो, आणि तो गळ्यावर शेजारी शेजारी आला की लगेच कळतो.

कडी थेट ठुशीची घेऊ नका. दागिना डिस्कखाली लोंबकळत ठेवून त्याचंच वजन वापरायचा मोह होतो, पण प्रत्येक पाव वळणाला तो टेबलाच्या कडेवर आपटतो. सुटी, जोड न उघडणारी, पाच-सहा मिलिमीटर आतल्या व्यासाची कडी घ्यावी, गोफ झाल्यावर ती दागिन्याला जोडावी.

कुठला दोरा

सॅटिन दोरी, म्हणजे बाजारात गोल चकचकीत मिळते ती, शिकायला सगळ्यात सोपी. गोल असल्याने पेडी नीट शेजारी बसतात, रंग उठून दिसतात आणि चूक झाली तर उलगडते. दोष दोन. टोकं क्षणात विस्कटतात, आणि काही दोऱ्यांवर पाण्याचा थेंब पडला की डाग उमटतो. कुठली कशाची आहे ते टोक जाळून पाहा: नायलॉन-पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो, रेयॉन कागदासारखं जळून राख होते. मणी बनणारी दोरी घ्या. टोक बंद करायला मेणबत्ती पुरते आणि घामाची भीती कमी. रेयॉनची चमक जास्त देखणी असते हे खरं, पण ती गळ्याला नको, भिंतीवर किंवा भेटवस्तूला ठीक.

भरतकामाचा सुती दोरा, सहा तारांची आठ मीटरची लडी. हा खरा कामाचा माल. एका लडीतून ६० सेंटिमीटरचे १३ तुकडे निघतात, म्हणजे आठ पेडींना एक लडी भरपूर. सहाही तारा एकत्र ठेवून विणलं तर अडीच-तीन मिलिमीटरचा मऊ, अंगाला न टोचणारा गोफ होतो. बटव्याच्या नाडीला आणि लहान मुलांच्या वस्तूंना यापेक्षा चांगलं काही नाही. त्रास एवढाच की तारा सुट्या पडतात आणि खाचेत बसवताना पाच बसतात, एक बाहेर राहते. ती बाहेरची तार पुढे गोफावर छोट्या फासासारखी उभी राहते. पेड उचलल्यावर दोन बोटांत एकदा पिळून मग खाचेत दाबायची. लाल, मरून, गडद निळा पांढऱ्यासोबत घेणार असाल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दोरा घट्ट दाबून पाहा. रंग उतरला तर तो बटव्याच्या आतल्या सुपारीपर्यंत पोहोचेल.

बांगड्यांवर गुंडाळायला जो रेशमी म्हणून धागा मिळतो, तो एकेरी फार बारीक. एका पेडीत बारा-पंधरा तारा एकत्र कराव्या लागतात आणि त्या सारख्या ताणाच्या राहत नाहीत. झळाळी उत्तम, धीर असेल तर करा.

नायलॉनची गुळगुळीत दोरी, एक मिलिमीटरच्या आतली: टिकाऊ, पण निसटती. जुन्या डिस्कवर राहत नाही आणि गाठ आपोआप सुटत जाते. करगोट्यासाठी काळी दोरी लोक हीच घेतात आणि ते बरोबर आहे, पाणी-घाम सोसते. शेवटची टोकं मात्र वितळवून बंद केलीच पाहिजेत.

जर: आठातल्या दोनच पेडी जरीच्या ठेवा. सगळा गोफ जरीचा केला तर मानेला टोचतो आणि खाचांच्या घर्षणाने वरचा चकाकता पापुद्रा निघून आतला दोरा डोकावतो. जरीची पेड खाचेतून ओढून काढू नये, वर उचलून काढावी.

मुंबईत भुलेश्वरच्या गल्ल्या आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, इथे दोऱ्या हाताने चाचपून घेता येतात. डिस्क बहुधा ऑनलाइनच मागवावी लागते. दोरी ऑनलाइन घेताना जाडीचा आकडा वाचून घ्या, फोटोवर जाऊ नका. फोटोत एक आणि दोन मिलिमीटर सारखेच दिसतात.

आठ पेडी गोल गोफ

कडीला दुमडून ओवलेल्या आठ पेडी भोकातून खालून वर आणा, कडी भोकाच्या मधोमध खाली राहील अशी. प्रत्येक ठिपक्याच्या डावी-उजवीकडच्या खाचेत एकेक पेड बसवा. चार जोड्या झाल्या: वर, खाली, डावी, उजवी. कडीला नाण्यांची पुरचुंडी टांगा.

आता खालच्या जोडीतली डावी पेड उचला आणि वरच्या जोडीच्या डावीकडच्या रिकाम्या खाचेत बसवा. वर तीन झाल्या, खाली एक. वरच्या तिघींतली सगळ्यात उजवी उचला आणि खाली उरलेल्या पेडीच्या उजवीकडच्या खाचेत बसवा. परत दोन-दोन. डिस्क पाव वळवा, म्हणजे बाजूच्या दोन जोड्या आता वर-खाली आल्या. पुन्हा तेच. डावी वर, उजवी खाली, पाव वळण. एवढंच आहे, शेवटपर्यंत.

थोड्या वेळाने जोड्या ठिपक्यांपासून सरकलेल्या दिसतील. नवशिके इथे घाबरून सगळं सोडवतात. तसंच व्हायचं असतं: प्रत्येक फेरीत चारही जोड्या एकेक खाच सरकतात. दोन पेडी शेजारी आणि समोर त्यांची दुसरी जोडी, हे टिकून असलं की पुरे.

पाव वळण कुठल्या दिशेला, यावरून शिकवणाऱ्यांत मतभेद आहेत. कुठल्याही दिशेला वळवलं तरी पुढची पाळी त्याच आडव्या जोड्यांची येते. पण वळवता वळवता दिशा बदलली तर समोरासमोरच्या पेडींत आधी कोण हलते तो क्रम बदलतो आणि वीण तिथे किंचित वेगळी दिसते. एक दिशा ठरवा आणि ती सोडू नका.

गोव्यात शिगम्याला गोफ नाचतात, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातली खुबी लगेच कळेल. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे ठरल्या वाटेने एकमेकांना ओलांडतात, वर गोफ तयार होतो, आणि मग तीच पावलं उलटी टाकली की तो उलगडतो. डिस्कवरही उलगडायचं ते असंच, उलट क्रमाने, एकेक चाल मागे. ओढून सोडवायला गेलात तर गुंता.

काय बिघडतं आणि का

मध्येच उठणं हे सगळ्यात मोठं कारण. परत आल्यावर कुठल्या जोडीची पाळी होती ते आठवत नाही, अंदाजाने सुरू केलं जातं, तीच जोडी दुसऱ्यांदा हलते आणि गोफावर छोटा उंचवटा येतो. उपाय एकच: थांबायचं ते पहिल्या चालीनंतर, वर तीन आणि खाली एक असताना. परत आलात की तीन पेडी जिथे दिसतील तिथून दुसरी चाल. डिस्क कुणी उचलून फिरवून ठेवली तरी फरक पडत नाही.

हे न करताच उठला असाल तर भोकात वाकून पाहा. मध्यावर पेडी एकमेकींवरून जाताना दिसतात. सगळ्यात वर ज्या दोन आडव्या गेल्या आहेत त्या शेवटच्या हललेल्या. त्यांच्या जोड्या सोडून दुसऱ्या दोन जोड्यांची पाळी.

गोफ भोकाच्या मध्यावर न राहता एका कडेला झुकत असेल तर त्या बाजूच्या पेडी जास्त ओढल्या जात आहेत. बहुतेकांचा उजवा हात जोरात ओढतो. पेड खाचेत बसवल्यावर वेगळी ओढू नका, खाचेत दाबताना जेवढी ताणली जाईल तेवढीच पुरे. विणीचा बिंदू डिस्कच्या पातळीवर भोकाच्या मधोमध राहिला पाहिजे. तो वर फुगून येत असेल तर वजन कमी आहे, खाली खोल जात असेल तर पेडी सैल आहेत.

गोफावर मध्येच एक सैल फास दिसतो तो पेड खाचेतून निसटल्यामुळे. तो फास सुईने आत खोचायचा प्रयत्न करू नका, दोन बोटं पुढे तो परत बाहेर येतो. तिथपर्यंत उलगडा.

रंगांबाबत एक पक्कं सांगता येतं: वरच्या-खालच्या पेडी कायम आपसातच जागा बदलतात, डाव्या-उजव्या आपसात. म्हणून वर-खाली एक रंग आणि डावी-उजवीकडे दुसरा ठेवला तर दोन रंगांचे पट्टे गोफाभोवती वळत जातात. रंग खाचांमध्ये बदलून ठेवले की नक्षी पार बदलते. सुरुवातीची मांडणी कागदावर काढून ठेवा, नाहीतर दुसरी बाजू विणायला बसाल तेव्हा पहिलीवरून उलटा अंदाज लावत बसावं लागेल.

शेवट आणि सरकती गाठ

गोफ डिस्कवरून काढायच्या आधी बांधायचा. आठही पेडी खाचांतून सोडल्या की दोन सेकंदांत वरची दोन बोटं विणलेली उसवते. आधी गोफाच्या वरच्या टोकाशी, भोकातच, वेगळ्या मजबूत दोऱ्याने चार-पाच मिलिमीटर घट्ट गुंडाळा, गाठ मारा, मग पेडी सोडा. टोपी लावणार असाल तर गुंडाळीच्या लगेच पुढे कापा. गोंडा करणार असाल तर पेडी सहा-सात सेंटिमीटर सोडून कापा.

ठुशीसाठी दोन्ही गोफ उलट दिशांनी एकमेकांवर ठेवून त्यांच्यावर सरकती पट्टी बांधावी लागते. त्याच दोरीचा ५० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, मध्य दोन्ही गोफांच्या खाली. डावं टोक गोफांवरून उजवीकडे न्या. उजवं टोक त्याच्यावर ठेवा, गोफांखालून डावीकडे काढा आणि डावीकडे तयार झालेल्या फासातून वर ओढा. ही अर्धी गाठ. पुढची अर्धी उजव्या टोकाने सुरू करायची. दोन्ही मिळून एक चौकोनी गाठ, अशा सहा-सात. प्रत्येक वेळी एकाच बाजूने सुरू केलंत तर पट्टी सपाट न राहता पीळ घेते, तीही दिसायला वाईट नाही, पण मानेवर बसते तिथे टोचते.

ओढ बेताची ठेवा. पट्टी गोफांवर जराशी अडत सरकली पाहिजे. सॅटिनवर सॅटिन छान सरकतं. सुती गोफावर सुती पट्टी बसली की बसली, तिथे पट्टीपुरती नायलॉन वापरा. गोंडे पट्टीपेक्षा जाड हवेत, नाहीतर ठुशी सैल करताना गोफ पट्टीतून निसटून हातात येतो.

डिस्क मागवण्याआधी

हे काम जमतंय का, आवडतंय का, ते पाहायला फोमही लागत नाही. खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एकाच्या पन्हाळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे चिकटवा. दहा-बारा सेंटिमीटरचं वर्तुळ कापा, मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक, कडेला समान अंतरावर एकेक सेंटिमीटर खोल आठ चिरा. सात पेडींना एक गाठ मारून ती भोकाखाली सोडा. सात चिरांत सात पेडी, आठवी रिकामी.

रिकामी चीर आपल्याकडे धरा. तिच्या उजवीकडून मोजत तिसरी पेड उचला, मधल्या दोघींवरून आणा आणि रिकाम्या चिरेत बसवा. आता जी चीर रिकामी झाली ती आपल्याकडे वळवा. परत उजवीकडून तिसरी. चौथ्या-पाचव्या सेंटिमीटरला भोकाखाली गोल, पीळदार गोफ दिसू लागतो. लोकर किंवा भरतकामाचा दोरा यावर चांगला चालतो, सॅटिन निसटतं. चिरा लवकर झिजतात म्हणून कुणी कडेला सेलोटेप लावतात, ती लावू नका. टेपची कड उचलली जाते, तिचा चिकटा दोऱ्याला लागतो आणि पेड चिरेतून सुटतच नाही. त्यापेक्षा दुसरी तबकडी कापून घ्या.